गाडी मी चालवत नव्हतो

आमचा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, आम्ही सात-आठ म्हातारे आपापल्या गाड्या धुऊनपुसून बाहेर काढतो, सोलापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात जमतो, इडली-वडा खातो आणि कोणी कुठल्या घाटात किती वेगाने गाडी हाकली होती ते एकमेकांना ऐकवतो. प्रत्येकाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. माझीही एक होती. लोणी काळभोरहून पुण्यात अर्ध्या तासात, तेव्हाच्या त्या अरुंद रस्त्यावरून. ती मी दहा वर्षं तरी सांगितली असेल. गोष्ट खरी आहे. फक्त त्या दिवशी गाडी मी चालवत नव्हतो. माझ्या वहिनी चालवत होत्या.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही हडपसरच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागूनच राहत होतो. आई, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. वडील लवकर गेलेले, त्यामुळे माझ्याहून बारा वर्षांनी मोठा असलेला दादाच मला वडिलांच्या जागी होता. तो पिंपरीला एका कारखान्यात इंजिनिअर होता. कारखान्याची बस त्याला सकाळी सहालाच घेऊन जायची आणि आठवडाभर आमची गाडी दारातच उभी असायची. तेव्हा रस्त्यावर मुख्यतः दोनच तऱ्हेच्या गाड्या दिसत, एक मोठी गोलमटोल आणि एक लहान. आमची लहान, फिकट निळी, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ.

वहिनी लोणी काळभोरच्या. घरची उसाची शेती. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातून एक जीप आणली होती आणि घरात मुलगा नाही म्हणून मुलीलाच ती शिकवली होती. कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्यावरून वहिनी सोळाव्या वर्षापासून जीप चालवत. लग्नानंतर त्यांनी रीतसर लायसन काढलं. दादाला त्याचं कौतुकच होतं. शेजारचं कोणी काही खोचक बोललं की तो म्हणायचा, "अहो, तिला येते म्हणून ती चालवते. तुम्हालाही येत असती तर तुम्हीही चालवली असती." भाजी आणणं, आईला डॉक्टरांकडे नेणं, सगळं वहिनी करत. मला गाडी येत नव्हती. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, मेकॅनिकलला. वहीत इंजिनाच्या आकृत्या सुबक काढायचो, पण खरा क्लच सोडताना गाडी हमखास बंद पाडायचो.

त्या हिवाळ्यात माझी तोंडी परीक्षा होती. दुपारी दोन वाजता, असं मी धरून चाललो होतो. वहिनींच्या वडिलांचा निरोप आला, हुरडा तयार आहे, या.

"चला भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "सकाळी जाऊ, बारापर्यंत परत. तुमचं डोकंही जरा मोकळं होईल."

आम्ही सातला निघालो. शेतात आगटीभोवती बसून गरम हुरडा, लसणाची चटणी, घट्ट दही असं यथेच्छ खाणं झालं. मग मी शेवटची उजळणी करावी म्हणून बांधावर बसून वही उघडली. वहीत परीक्षेच्या वेळापत्रकाचा कागद घडी करून ठेवलेला होता. सहज उघडून पाहिला, तर माझ्या क्रमांकासमोर सकाळी अकरा लिहिलेलं. दोनची वेळ दुसऱ्या तुकडीची होती. घड्याळात दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

परीक्षक बाहेरगावचे असत, ते कोणासाठी थांबत नसत. गैरहजर लागलं की वर्ष गेलं. मी नुसता कागद वहिनींपुढे धरला. त्यांनी तो वाचला, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "बसा गाडीत."

त्यांचे वडील हुरड्याचं ताट घेऊन मागोमाग आले. "आरं, निघाला व्हय? पावणं, दम तरी खावा की. हुरडा गरम हाय अजून."

"आबा, नंतर," म्हणत वहिनींनी गाडी वळवलीसुद्धा.

त्याआधी मी वहिनींना जोरात गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. डांबरी रस्त्याला लागल्यावर काटा ऐंशीवर गेला, मग नव्वदवर. शंभराच्या पुढे गेल्यावर तो थरथरायला लागला, दारांच्या काचाही थरथरायला लागल्या. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो. वहिनी मात्र पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला, नजर पार लांब रस्त्यावर, अशा शांत बसल्या होत्या. मांजरी गावाच्या आसपास पुढे उसाने भरलेली बैलगाडी आली आणि समोरून ट्रक. मला वाटलं आता ब्रेक लागणार. त्यांनी ब्रेक लावला नाही. गिअर तिसऱ्यावर घेतला, इंजिन एकदम मोठ्याने ओरडलं आणि गाडी उजवीकडे बाहेर पडली. मी डोळे मिटले, डोकं गुडघ्यांत घातलं आणि "आई गं!" म्हणून किंचाळलो.

डोकं वर काढलं तेव्हा रस्ता मोकळा होता आणि वहिनी हसत होत्या. चेष्टेने नाही, लहान मुलाला समजवावं तसं. "झालं, झालं भाऊजी. जागा होती. बघूनच घेतली मी."

खरंच जागा होती. पुढे मी स्वतः हजारो मैल गाडी चालवली, तेव्हा मला कळलं की त्यांनी तो ट्रक, ती बैलगाडी आणि मधलं अंतर माझ्या किती तरी आधी पाहिलेलं होतं. हडपसरची वस्ती लागली तशी त्यांनी गाडी हळू केली आणि शहरातून एकदाही हॉर्नवर हात न ठेवता मला कॉलेजच्या फाटकाशी उतरवलं. अकराला पाच मिनिटं होती. परीक्षा चांगली झाली.

संध्याकाळी दादा कामावरून आला. चहा घेताना त्याने विचारलं, "कशी झाली तोंडी?"

"झाली छान," मी म्हणालो. तिथेच थांबायला हवं होतं. पण दिवसभर माझी ती किंकाळी माझ्याच कानात होती. वहिनींनी ती सांगायच्या आधी आपणच काहीतरी सांगून टाकावं, असं मला वाटत होतं. "जिवंत पोचलो हेच नशीब. वहिनींनी आज संपवलंच असतं मला. इकडे बैलगाडी, तिकडे ट्रक, आणि मधून आमची स्वारी!" मी हातवारे करून दाखवलं. नक्कल चांगली करायचो मी.

दादा हसला नाही. त्याने कप खाली ठेवला. "काटा किती होता?"

"शंभराच्या पुढे."

"कशासाठी?"

हा प्रश्न मला होता. उत्तरही माझ्याकडेच होतं. पण वेळ न बघता मी हुरडा खायला गेलो हे कळलं असतं तर दादाने मला सोलून काढलं असतं. अभ्यासाच्या बाबतीत तो फार कडक होता. मी कपात बघत बसलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. रागाने नाही. मी आता बोलेन म्हणून वाट पाहत होत्या. मग त्याच म्हणाल्या, "उशीर होत होता."

कोणाला, कोणामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही.

"उशीर होत होता म्हणून पोराला मारायचं?" दादा म्हणाला. आई आतून म्हणाली, "मी सांगतच होते. बाईमाणसाला इतकं धाडस बरं नव्हे." वहिनींनी कप उचलले आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारामागच्या खिळ्याला गाडीची किल्ली नव्हती. दादा ती खिशात घालून कामावर गेला होता. भांडण नाही, बोलणं नाही. मला वाटलं, चार दिवसांनी राग उतरेल. किल्ली परत खिळ्यावर आली नाही. आईला डॉक्टरांकडे रिक्षाने न्यायला लागलं. वहिनी माहेरी जायच्या त्या एसटीने.

महिन्याभराने दादाने मला रविवारी गाडी शिकवायला घेतली. मला लायसन मिळालं आणि त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. आई आणि वहिनी मागच्या सीटवर बसू लागल्या. सुरुवातीला एकदा चौकात माझी गाडी बंद पडली तेव्हा मागून वहिनींचा हळू आवाज आला, "क्लच जरा सावकाश." पुन्हा त्या गाडीत कधी काही बोलल्या नाहीत. मला गाडी आवडायला लागली होती. घरातला गाडी चालवणारा मुलगा असणंही आवडायला लागलं होतं. कुठल्याही दिवशी, कुठल्याही जेवणाला, मी दादाला एक वाक्य सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. आधी भीती होती, नंतर सोय होती.

पुढे नोकरी, लग्न, वेगळं घर. निवृत्त झाल्यावर मी अगदी तशीच एक जुनी गाडी मिळवून दुरुस्त केली आणि त्या रविवारच्या गटात शिरलो. पहिल्याच बैठकीत सगळे घाटांच्या गोष्टी सांगत होते. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं. सांगताना मी आमच्या जागा बदलल्या. वहिनींना बाजूच्या सीटवर बसवलं, त्यांचं डोकं गुडघ्यांत घातलं, "आई गं" त्यांच्या तोंडी दिलं. तिसरा गिअर मी टाकला. मोठा हशा झाला. मग दर वेळी कोणीतरी फर्माईश करायचं, "अहो, ती वहिनींची सांगा." मी सांगायचो. सांगून सांगून ती इतकी घोटली गेली की कधीकधी मलाच स्टिअरिंग हाताला जाणवायचं.

गटातल्या एकाचं शेत लोणीच्या पुढे आहे. मागच्या थंडीत त्याने सगळ्यांना घरच्या माणसांसकट जेवायला बोलावलं. दादा जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती. वहिनींना त्यांच्या माहेराजवळ नेऊन आणावं म्हणून मीच आग्रहाने त्यांना घेऊन गेलो. यात काही धोका आहे हे माझ्या मनातही आलं नाही. गोष्ट इतकी माझी झाली होती.

जेवणं झाल्यावर यजमान वहिनींजवळ येऊन बसला. "म्हणजे त्या वहिनी तुम्हीच! तुमच्या दिरांनी आम्हाला सगळं सांगितलंय. ट्रक आला तेव्हा डोकं गुडघ्यांत घालून 'आई गं' म्हणून ओरडला होतात म्हणे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पानाचा विडा होता. तो मला तोंडात घालता येईना, खालीही ठेवता येईना.

"हो," त्या म्हणाल्या. "फार घाबरले होते मी."

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मांजरी मागे पडली. मग म्हणालो, "वहिनी, खरं का नाही सांगितलंत?"

"कोणाला? त्यांना? त्यांचं काय अडलंय."

"दादाला तरी."

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. तिथे आता दोन्ही बाजूंना इमारतीच आहेत. "मला वाटलं होतं तुम्ही सांगाल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वाटलं होतं. नंतरही बरेच दिवस वाटायचं." आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला काही उत्तर देता आलं असतं.

मी गाडी कडेला घेतली. "चालवता का थोडी?" असं विचारलं. विचारतानाच लाज वाटली.

"आता डोळ्यांना नीट दिसत नाही, भाऊजी. चला घरी."

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांना खरं सांगितलं. मला वाटलं होतं, शांतता पसरेल, कोणीतरी तोंडावर बोलेल. पण ते हसले. त्यांना तो माझा विनय वाटला. एक जण मात्र सांबारात वडा बुडवत म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. तरीच म्हटलं, तुमच्या हातून दर वेळी पार्किंगमध्ये गाडी कशी बंद पडते." पुन्हा हशा. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

एक माणूस उरला होता. पुतण्या हिंजवडीला नोकरी करतो, तिकडेच राहतो. त्याचा जन्म त्या प्रसंगानंतर तीन वर्षांनी झाला. मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. हुरडा, कागद, चहा, दादाचा प्रश्न, माझं गप्प बसणं.

"आईला गाडी येत होती?" शेवटी त्याने विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगली. दादापेक्षाही."

"मी शाळेत असताना तिने मला मागे बसवून सायकलवरून नेलंय, काका. पावसात सुद्धा. दोघंही भिजायचो. गाडी दारातच असायची. मी विचारायचो, आई, गाडीने का नाही जात आपण? ती म्हणायची, मला नाही येत."

त्याने चहा विचारला. मी नको म्हटलं आणि उठलो. तो फाटकापर्यंत सोडायला आला, नेहमीसारखा वाकून नमस्कार मात्र त्याने केला नाही. मीही तो अपेक्षिला नव्हता.