बांगड्यांचा भाव

आबा बांगड्यांचा भाव विचारायचे. सत्तरी ओलांडलेला, उभा जन्म मेंढरांमागं घालवलेला माणूस राजूरच्या रस्त्यावर थांबून "हिरव्या कशा डझन?" असं विचारायचा, आणि मला हसू आवरायचं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवते, हातात फक्त घड्याळ घालते. मग हा भाव कुणासाठी, देव जाणे.

दर संकष्टीला आम्ही बाप-लेक भोकरदनहून एसटीनं राजूरला जायचो. स्टँडपासून गणपतीच्या देवळापर्यंत मला दहा-बारा मिनिटं पुरत. आबांबरोबर पाऊण तास. आधी नारळवाला, मग चहाची टपरी, मग बांगड्यांचं दुकान, शेवटी पेढेवाला. घ्यायचं काहीच नाही. भाव विचारायचा, पाऊसपाण्याची चौकशी करायची आणि निघायचं. मी पुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी.

"आबा, चला की. आरती होऊन जाईल."

"आलो, माय. जरा इचारून राह्यलो."

"बाजार समितीचे सभापतीच व्हा तुम्ही. नुसते भाव विचारत फिरता."

घरी आल्यावर मी नवऱ्यापुढं त्यांची नक्कल करायची. आबाही हसायचे. ते कसे हसत होते, हे आता आठवलं की जीव नकोसा होतो.

मग ते चालायलाच कंटाळू लागले. दारात खुर्ची टाकून बसायचे. आम्हा शिक्षकांना एक खोड असते, उत्तर येत नसलं तरी फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं. मी ठरवलं, गुडघे गेले. तेल आणलं, पट्टा आणला, कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. आबा पोटरीवर हात ठेवून म्हणाले, "गुडघा न्हाई गं. हितं गोळा येतो. थांबलं का जातो."

"एकच ते," मी म्हणाले.

एकच नव्हतं. पण मी वह्या तपासत होते आणि मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

वर मी त्यांना बूट घेऊन दिले. वहाणा घालून कुणी व्यायामाला जातं का, असं माझं म्हणणं. बूट जरा घट्ट होते. वापरून सैल होतील, असं दुकानदार म्हणाला आणि मीही म्हणाले. रोज सकाळी शाळेआधी त्यांना घरासमोरच्या पटांगणाला दोन चकरा मारायला लावायची. ते मधे थांबले की गॅलरीतून ओरडायची. पंधरा दिवसांत करंगळीला बूट चावला. एवढीशी जखम. हळद लावली, मलम लावलं. महिना उलटला तरी ती भरेना. आबा धोतराचा सोगा पायावर ओढून बसू लागले. एक दिवस आंघोळीच्या वेळी मी पाहिलं, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

जालन्याच्या डॉक्टरांनी जखम पाहायच्या आधी पाऊल हातात धरलं. पावलाच्या वरच्या बाजूला, मग घोट्यामागं बोटं ठेवून नाडी शोधत राहिले. मग रक्तदाब मोजायला दंडाला गुंडाळतात तसा पट्टा घोट्याला गुंडाळला आणि एका लहानशा यंत्रातून आम्हाला पायातल्या रक्ताचा आवाज ऐकवला. उजव्या पायात नीट ऐकू येत होता. डाव्यात जवळजवळ नव्हताच.

"पाय गार आहे, बाबा. कधीपासून?"

"लई दिवस झाले. मेंढीचा पाय असा गार पडला असता, तर म्या तवाच वळखलं असतं."

"किती चाललं की पोटरी दुखते?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या वतीनं उत्तर द्यायची माझी सवय. मी तोंड उघडलं आणि राजूरचा रस्ता डोळ्यांपुढं आला. नारळवाला, चहाची टपरी, बांगड्या, पेढे. इतकी वर्षं त्या रस्त्यानं मी त्यांच्या पुढं चालत होते आणि चारही थांबे सारख्याच अंतरावर आहेत, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"स्टँडपासून नारळवाल्यापर्यंत," मी म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. आबांनी मान खाली घातली.

पायाकडं जाणारी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. चाळीस वर्षांच्या बिडीनं आपलं काम केलं होतं. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते मिळालं नाही की ती आखडते, थांबलं की शांत होते. जखमेलाही रक्तच मिळत नव्हतं, मग ती भरणार कशी? संभाजीनगरला नेऊन जांघेतून बारीक तार घातली, फुग्यानं वाट मोकळी केली. पाय वाचला. दोन बोटं गेली. "चार महिने आधी आला असता, तर बोटंही राहिली असती," तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गोळ्या जन्मभराच्या. बिडी बंद, ती आबांनी त्याच दिवशी सोडली. पायाला गरम शेक द्यायचा नाही. रोज दोन्ही पावलं नीट तपासायची. आणि जखम भरल्यावर चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, मग थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं.

गाडीत बसल्यावर आबा म्हणाले, "मंग म्या दुसरं काय करून राह्यलो व्हतो?"

आता संध्याकाळी मी चष्मा लावून त्यांच्या पायाशी बसते. कळप वाड्यावर आला की ते एकेक मेंढीचा खूर उचलून काटा पाहायचे. तसंच मी पाहते. ते मुकाट्यानं पाय पुढं करतात. पटांगणात चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. मी ओरडत नाही. पण राजूरला यायला तयार नाहीत. "तू जाऊन ये," म्हणतात.

गेल्या संकष्टीला मी एकटीच गेले. बांगड्यांच्या दुकानापाशी पाय आपोआप थांबले. दुकानातल्या बाईनं मला ओळखलं.

"मॅडम, बाबा न्हाई आले?"

मी सांगितलं. ऐकता ऐकता तिनं फळीखालून एक लाकडी स्टूल ओढून बाहेर काढलं.

"त्यांच्यासाठीच ठिवलं व्हतं. तुम्ही पुढं गेल्या का ते दोन मिन्टं टेकायचे, पोटरी दाबत. तुम्ही वळल्या का उठून भाव इचारायचे. म्या म्हणलं, बाबा, पोरीला सांगा की. तर म्हणले, नगं, ती चिडती."

मी त्या स्टुलावर बसले. माझे पाय दुखत नव्हते. देवळात आरती सुरू झाल्याचं ऐकू आलं, पण मी उठले नाही.