दोन उशा आणि एक बोर

गाडीमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला छोटा ट्रेलर बायकोनं हौसेनं घेतला होता. ती गेल्यानंतर मी तो प्रथमच बाहेर काढला आणि चकलांब्याजवळ एका ओळखीच्या शेतात उभा केला. एक रात्र तरी त्यात झोपायचं, असं तिच्यासाठी ठरवलं होतं. पण जमीन उतरती निघाली.

शेळी घेऊन चाललेला एक माणूस न विचारताच थांबला. त्यानं खिशातून बोर काढून ट्रेलरच्या आतल्या फरशीवर ठेवलं. ते घरंगळत दारातून खाली पडलं आणि शेळीनं खाल्लं.

"लई उतार हाय," तो म्हणाला.

मग आम्ही चाकाखाली फळ्या सरकवल्या, ट्रेलरच्या कोपऱ्यांना असलेले टेकूचे पाय खाली सोडले. दर वेळी नवं बोर, दर वेळी शेळी. अखेर एक बोर जागच्या जागी राहिलं. शेळी आमच्याकडे रागानं बघू लागली.

समाधानानं तो आत डोकावला आणि त्याचा चेहरा पडला. "सर, उशा उत्तरंला कावून? तिकडं मेल्यावर डोकं करत्यात."

सवयीनं मी दोन उशा मांडल्या होत्या. माझी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली.

"अन् बाईंची?"

तिला आता कुठलीही दिशा चालेल, हे सांगायला मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात त्यानं तिचीही उशी माझ्या उशीशेजारी आणली, थोपटली आणि दोन्हींच्या मधे एक बोर ठेवून पाहिलं.

ते हललं नाही.

"झोपा आता दोगं," तो म्हणाला.