निखिलसारखं अक्षर काढ!

"मास्तरच्या घरात मास्तरले 'काऊन' म्हणून विचारायचं नाही."

आमच्या घरातला हा पहिला नियम. 'काऊन' म्हणजे 'का'. मास्तर म्हणजे माझे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. आजोबा लोकांच्या शेतात राबायचे. मोठेबाबा शिकले, आणि तेव्हापासून घरातलं सगळं, अगदी वरणात मीठ किती घालायचं तेसुद्धा, तेच ठरवतात.

या घरातून आम्ही दोघं एकाच वेळी बी.एड.ला गेलो. मी आणि मोठेबाबांचा निखिल. एकच कॉलेज, एकच विषय जीवशास्त्र, दर सोमवारी जैनथहून आदिलाबादला जाणारी एकच बस. 'काऊन' विचारायची बंदी, त्यामुळे न विचारलेले प्रश्न पोटात राहतात आणि त्यांचे किस्से होतात. आता इतके साठलेत की मैत्रिणींमध्ये सांगायला बसले की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. निखिलवर मी जळते. भरपूर जळते. खोटं कशाला बोलू?

*

एंट्रन्सला माझी रँक निखिलच्या वर होती. गावातल्या विहारात दोघांचा सत्कार ठेवला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मग लक्षात आलं की शाल एकच आणली आहे.

मोठेबाबांनी क्षणभरही विचार केला नाही. शाल उलगडली आणि निखिलच्या खांद्यावर टाकली. मला गुलाबाचं फूल दिलं. तेही आधी कोणा पाहुण्याला दिलेलं, खुर्चीवर विसरलेलं!

घरी आल्यावर म्हणाले, "तू मनाला लावून नको घेऊ पोरी. तू तर घरचीच हायेस."

"आन् निखिल काय पाहुणा हाय?"

मोठेबाबांची बायको, माझी मोठी आई, आतून ओरडली, "तिले चहा द्या रे कोणी!" आमच्याकडे बाईमाणसाचं तोंड बंद करायला चहाच देतात.

*

पहिल्या वर्षी मायक्रो टीचिंग असतं. सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, आणि विद्यार्थी म्हणून आपल्याच बॅचची मंडळी समोर बसतात. वय पंचविशीचं, पण बाकावर बसली की सगळी सातवीतली.

निखिलच्या पाठाला मी शहाण्या मुलीसारखी बसले. विचारलं त्याचं उत्तर दिलं. सरांनी लिहिलं, "वर्गनियंत्रण उत्तम."

मग माझा पाठ. दुसऱ्याच मिनिटाला निखिलने करंगळी वर केली. "मॅडम, जाऊ?" मी म्हटलं, जा. गेला, तो थेट कँटीनमध्ये. चौथ्या मिनिटाला हातात समोसा घेऊन आला आणि शेजारच्याला चटणी मागू लागला. सगळा वर्ग हसून लोळला.

सरांनी मला लिहिलं, "वर्गनियंत्रण कमी."

आणि निखिलच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बालमन काय बरोबर पकडलं तुम्ही! असं निरीक्षण पाहिजे शिक्षकाचं!"

*

बी.एड. म्हणजे निम्मा अभ्यास आणि निम्मे चार्ट. आमच्या भागात एक रीत आहे. भाऊ बी.एड.ला असला की त्याचे चार्ट बहीण करते. बहीण नसली तर वहिनी. मुलगा चार्ट करताना मी तरी पाहिलेला नाही.

निखिलला सख्खी बहीण नाही. मोठी आई म्हणाली, "तुले कराचेच हायेत न, एकाच्या जागी दोन कर. हात काय झिजतो?"

मी दोन हृदयं काढली. दोन पचनसंस्था काढल्या. स्केचपेन तेच, हात तोच, मान दुखली तीही तीच. त्याचे चार्ट जरा लवकर करून द्यायचे, कारण त्याचा पाठ आधी. माझे रात्री घाईत व्हायचे.

चार्ट तपासताना मॅडमनी दोन्ही शेजारी ठेवले. निखिलच्या चार्टवरून बोट फिरवत म्हणाल्या, "किती सुरेख! मुलगा असून!" मग माझ्याकडे वळल्या. "प्रज्ञा, जरा निखिलसारखं अक्षर काढ ना!"

निखिल छताकडे पाहत होता. पंखा बंद होता.

*

हॉस्टेलवर माझ्या खोलीत स्रवंती राहते, बेल्लमपल्लीची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला. शिफ्ट संपली की रोज फोन करतात. एकच प्रश्न विचारतात, "तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का. ती म्हणते, हो. फोन बंद.

मी स्रवंतीवरही जळते.

माझ्या बाबांचाही फोन येतो. मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलात, क्लार्क आहेत, लंच टाइमला करतात. "निखिलचा पाठ कसा झाला?"

एकदा मी म्हटलं, "बाबा, निखिलचा नंबर देऊ का?"

बाबा म्हणाले, "हाय माझ्यापाशी. त्याले कशाले त्रास द्याचा? पाठ असते त्याले."

*

दुसऱ्या वर्षी शाळेवर पाठवलं. पैनगंगेकडच्या एका गावात, मराठी माध्यमाची शाळा. मला आठवी, निखिलला नववी. वर्ग शेजारी शेजारी, मध्ये व्हरांडा.

मुळांवरच्या गाठी शिकवायच्या होत्या. सोयाबीनच्या गावात मी चार्ट कशाला लावू? आठवीची सगळी पोरं घेऊन मागच्या वावरात गेले. एकेक झाड उपटलं आणि गाठी मोजायला लावल्या. एक पोरगी गाठ फोडून आतला लाल रंग बघत म्हणाली, "मॅडम, इच्यात जीव हाय? आमी तर रोज तुडवतो न!"

तेवढ्यात वावराची मालकीण आली. म्हातारी, हातात विळा. "कोण हायेत वो? सोयाबीन काऊन उपटून राह्यले?"

मी समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, गाठी पाहा तुमी. पण जाता जाता ह्या दोन ओळींतलं गवत काढून टाका."

आम्ही काढलं. काय करणार?

परत आले तर शाळेत मोठेबाबा! पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. निखिलचा पाठ पाहायला खास आले होते. नववीत त्यांना खुर्ची दिली होती. निखिलने तोच पाठ घेतला, मुळांवरच्या गाठी. माझ्याच हातच्या चार्टवर.

घरी सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "निखिलचा पाठ झकास. हिच्या वर्गात डोकावलो, तर वर्ग रिकामा! एक पोरगं नाही. अशी शिकवते ही!"

*

शेवटचा किस्सा मागच्याच रविवारचा.

फायनल पाठाला बाहेरचे परीक्षक येतात. शाळेत सगळ्यांना माहीत होतं की आठवीची पोरं धडाधड बोलतात आणि नववीची पाटीसारखी कोरी बसतात. ही बातमी मोठेबाबांपर्यंत पोचली. त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं.

"फायनलले निखिल आठवी घेईल. प्रज्ञा नववी. मी बोलतो शाळेत. एका दिवसाचा तर सवाल हाय."

मी म्हटलं, "पोरं माझी हायेत."

"पोरं सरकारची असतात," मोठेबाबा म्हणाले. "त्याच्या नोकरीवर घर उभं राह्यचं हाय. तुले उद्या दुसऱ्याच्या घरी जायचं."

मोठेबाबांची एक सवय आहे. घरातला निर्णयही ते वर्गात घेतल्यासारखा घेतात. उभे राहिले आणि म्हणाले, "प्रज्ञानं आठवी द्यावी असं ज्याले ज्याले वाटते, त्यानं हात वर करा."

त्यांचा स्वतःचा हात वर. मोठ्या आईचा वर. बाबांचा वर. निखिलचा वर. आईचा कोपरापर्यंत, पण वरच.

मी उभी राहिले.

"आता ज्यानं माझा एक तरी पाठ पाह्यला, त्यानंच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली करा."

बाबांचा हात पहिला खाली आला. मग आईचा. मोठ्या आईने पदर सावरता सावरता खाली घेतला.

मोठेबाबांनी बराच वेळ धरून ठेवला. "मी आलतो. वर्ग रिकामा होता."

"मंग खाली करा."

त्यांनी खाली केला.

निखिलचा वरच होता.

"तुनं कवा पाह्यला रे?" मोठेबाबांनी विचारलं.

"रोज," निखिल म्हणाला. "खिडकीतून. नववीची पोरं तिकडंच पाह्यत राह्यतात. मंग मी बी पाह्यतो."

"मी आठवी देत नाही," मी म्हटलं. "एका दिवसासाठीबी नाही."

मोठ्या आईने चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

निखिलचा हात अजून वरच होता, माझा पाठ पाहिलेला तो एकटाच.