परळीत उतरलेली अंदमानची मुंगी

स्टाफरूममध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. चहा उशिरा आला की एक, तास रिकामा गेला की दुसरा. आमच्या परळीच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचे किस्से मात्र बहुतेक एकाच वर्षातले, आणि एकाच मुंगीचे! गावात केबल टीव्ही नुकताच आला होता, तरी संध्याकाळी माणसं टीव्ही सोडून आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी राहायची. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण मी तिथंच शिकवत होते, सगळं डोळ्यांसमोर घडलं.

*

सुरुवात मन्मथशेठपासून. शेठची लाकूड कापायची आरा मशीन होती आणि ते आमच्या विभागप्रमुखांचे, कापसे सरांचे, जुने विद्यार्थी. एका दुपारी ते स्कूटरवर मागं ओल्या गोणपाटात काहीतरी बांधून आले. अंदमानहून आलेल्या ओंडक्याचा कुजका तुकडा होता.

"सर, मशीन बंद करून आलो बघा. आत मुंग्या हायत. पर आपल्याकडच्या न्हाईत. हिला कंबरच न्हाई!"

सरांनी भिंगातून पाहिलं. मुंगी म्हटली की कंबर बारीक, दोऱ्यासारखी. ही मात्र पुढून मागं सलग जाड, रंगानं पिवळट, आणि जबडे करवतीसारखे.

आमचे लॅब असिस्टंट रशीदभाई म्हणाले, "खाते-पीते घर की दिखती, सर!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी भिंग डोळ्यापासून हलवलंच नाही. "मॅडम," ते मला म्हणाले, "ही बाई समुद्र ओलांडून आपल्या दारात आलीय."

*

मुंगी ओळखायचं एक पुस्तक असतं. त्यात पायरीपायरीनं प्रश्न विचारलेले असतात. डोळे ठळक आहेत? या पानावर जा. नाहीत? त्या पानावर जा. कापसे सर दोन दिवस या पानावरून त्या पानावर फिरत होते आणि मुंगी कुठल्याच घरात बसेना. बाकी सगळं एकीकडे जुळायचं, डोळा दुसरीकडे ओढायचा.

"काळाभोर डोळा आहे हो," सर वैतागून म्हणाले, "पण एकाच बाजूला कसा?"

आता परळीत औष्णिक वीज केंद्राची राख कुठं नसते? वाळत घातलेल्या कपड्यांवर असते, दह्याच्या सायीवर असते. मी म्हटलं, "सर, एकदा फुंकर मारून बघा."

सरांनी फुंकर मारली आणि मुंगीचा डोळा उडून गेला!

*

मुंगी जपून ठेवायची तर कडक कागदाचा इवलासा त्रिकोण कापून त्याच्या टोकावर तिला चिकटवतात. त्यासाठी सर लग्नपत्रिका वापरायचे. एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. सरांनी ती हातात घेतली, बोटांनी जाडी पाहिली आणि बोलता बोलता कात्री चालवायला सुरुवात केली.

"अहो सर, लग्न पुढल्या आठवड्यात हाय!"

"येणार ना! सहकुटुंब येणार. पण कागद लई भारी निवडलात तुमी."

त्या नवरीच्या संसाराचं मला माहीत नाही. तिच्या पत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'वर मात्र अंदमानची एक मुंगी दिमाखात उभी आहे.

*

आता खरी अडचण सांगते. मुंग्यांना आपल्यासारखंच नाव-आडनाव असतं, फक्त आडनाव आधी लागतं. अँब्लिओपोन हे आडनाव सरांनी शोधून काढलं. नाव सापडेना. दोन जाती उरल्या होत्या. एक बऱ्याच ठिकाणी आढळणारी, दुसरी फक्त त्या बेटांवरची, जगात फार थोड्यांनी पाहिलेली. दोघींच्या कामकरी मुंग्या अगदी सारख्या. फरक काय तो नरात, आणि आमच्या वारुळात, म्हणजे त्या ओंडक्याच्या तुकड्यात, नर नव्हता! होते ते तपकिरी कोश. त्यातून नर बाहेर पडेपर्यंत वारूळ जगवायचं होतं.

सरांची निवृत्ती त्याच टर्मच्या शेवटी होती. सगळी नोकरी फळ्यावर मुंगी काढण्यात गेली, पण एकाही मुंगीला स्वतः ओळखून तिचं नाव लावलं नव्हतं. वारूळ मेलं असतं तर बाटलीवर 'जात अज्ञात' लिहून सर घरी गेले असते. ते बोलून दाखवत नसत, पण आम्हाला कळत होतं.

बंगलोरच्या एका तज्ज्ञांना विचारायला सर एसटीडी बूथवर जायचे. आवाज नीट पोचायचा नाही म्हणून ओरडून बोलायचे. "राणी ठीक आहे! कोश पण ठीक! नर? अजून नाही!" मागं रांगेतली माणसं आपापले फोन विसरून ऐकत बसत. मग भाजी घेताना, दाढी करताना, देवळाच्या पायऱ्यांवर, जो तो सरांना विचारायचा, "निघाला का वो सर?"

*

रशीदभाईंनी गणपतीच्या कारखान्यातून प्लॅस्टर आणून वारुळासाठी डबी ओतली. परळीच्या उन्हात ती ओलसर राहावी म्हणून माठाच्या आडोशाला ठेवली. घर झालं. पण जेवण?

मन्मथशेठच्या आई, अक्का, दर सोमवारी वैजनाथाचं दर्शन घेऊन मुंग्यांना साखर घालायच्या. त्या स्वतः साखर घेऊन आल्या. मुंग्या साखरेला वळसा घालून गेल्या. मग गूळ झाला, खवा झाला, भाकरीचा चुरा झाला. किराणावाल्यानं शेंगदाण्याचा कूट पाठवला. एकीनंही तोंड लावलं नाही.

अक्का चिडल्या. "लई मानपान हाय बाई हिचा! सोयरीक जुळवायला आलीय का काय?"

सर मात्र दिवसेंदिवस खंगत चालले. मुंग्या उपाशी, आणि सरांचा डबा न उघडता घरी परत जायचा.

*

शेवटी बंगलोरहून सल्ला आला, गोम देऊन बघा. रशीदभाईंनी कॉलेजच्या विहिरीजवळचे दगड उलटून एक बारीक गोम आणली. डबीत सोडली, आणि बघता बघता मुंग्यांनी डंख मारून ती लुळी पाडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण खाईना कुणीच. सगळ्या नुसत्या भोवती उभ्या.

मग एक मुंगी आत गेली आणि एक अळी, म्हणजे त्यांचं तान्हं लेकरू, उचलून घेऊन आली. गोमेवर अलगद ठेवलं. दुसरी आली, तिसरी आली. एकेक लेकरू आणून ताटावर बसवलं. लेकरं जेवू लागली आणि मोठ्या बाजूला उभ्या राहिल्या.

आम्ही श्वास रोखून बघत होतो. तेवढ्यात राणी पुढं आली आणि जेवून टम्म झालेल्या एका लेकराला तिनं जबड्यात धरलं.

"या अल्ला, पोर को खा री!" रशीदभाईंनी तोंड फिरवलं.

सर भिंगाला डोळा लावून होते. तसेच वाकून म्हणाले, "खात नाही. त्याच्या अंगातलं थेंबभर पिते आहे. लेकरू हलतंय. जिवंत आहे."

राणीनं लेकराला खाली ठेवलं, आणि ते पुन्हा गोमेला चिकटलं. मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. अंगावर काटा आला आणि हातही जोडले गेले. आम्ही इतके दिवस आईला वाढत बसलो होतो, आणि जेवायचं होतं लेकरांना.

अक्का एवढंच म्हणाल्या, "बाई, आता गोमा आना. साखर ऱ्हाऊ द्या."

*

सरांच्या शेवटच्या आठवड्यात कोश फुटले. दोन पंखवाले नर निघाले. एक सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली गेला, दुसरा डबीत राहिला. सर सकाळपासून स्टुलावर, बाजूला पुस्तक उघडं. दारात मन्मथशेठ, बूथवाला, निम्मी आळी. सगळे टाचा उंचावून बघत होते.

सरांनी मान वर केली. चष्मा काढला. डोळे पुसले, आणि ते लपवलंही नाही.

"तीच आहे, मॅडम. बेटावरचीच."

दुपारी अक्का घुगऱ्यांचं पातेलं घेऊन हजर! "नाव लागलं म्हंता, मंग बारसं कावून न्हाई?"

मला वाटलं सर उडवून लावतील, असल्या गोष्टींचा त्यांना भारी तिटकारा. पण ते स्वतःच डबी घेऊन आले आणि त्यांनी ती अलगद टेबलावर ठेवली.

"आत्या कोन हाय?" अक्कांनी विचारलं.

विभागात बाई मी एकटीच. मी हसले. बाकी कुणी हसलं नाही. मग मी डबीचं झाकण सरकवलं, वाकले, आणि त्या अंधाऱ्या घराच्या दाराशी तोंड नेऊन ते लांबलचक लॅटिन नाव हळूच सांगितलं. आधी आडनाव, मग नाव. आणि कुर्रर्र केलं. अक्कांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटा घातला.

आतल्या सगळ्या मुंग्या थांबल्या. राणी, कामकरी, तो नवा नर, सगळे जागच्या जागी. मिशा वर, तोंडं माझ्याकडे.

श्वासाची ऊब लागली, असं काहीतरी शास्त्र सांगतील म्हणून आम्ही सरांकडे पाहिलं. सर डबीवर वाकून बघत होते.

"ऐकलं त्यायनी," अक्का म्हणाल्या, आणि सरांच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.