मक्यातला बुडबुडा

मृण्मयीनं आजीला प्रदर्शनाच्या हॉलच्या दारातच खुर्ची दिली, म्हणून बरं. समर्थनगरातला तो जिना चढतानाच कालिंदीबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. भिंतींवर त्यांच्या नवऱ्यानं, मुकुंदरावांनी टिपलेले फोटो होते. मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून काढलेले, झाडापानांच्या पोटातले. चाळीस वर्षांपूर्वी शहरात हे खूळ या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकालाच होतं. संशोधनवाले म्हणाले, नुसतंच सुंदर आहे. चित्रकार म्हणाले, हा तर शाळेतला धडा. फोटो माळ्यावर गेले, ते आता नातीनं खाली काढले.

मायक्रोस्कोपखाली ठेवायचे काप मात्र कालिंदीबाई काढायच्या. प्राध्यापकांचा हात थरथरे. सिल्लोडहून आणलेलं मक्याचं खोड, ब्लेड आणि बशीत पाणी; स्वयंपाक उरकला की बाई पापुद्र्यासारख्या चकत्या काढत बसायच्या. चकतीवर काच ठेवायची ती तिरकी, हलकेच, नाहीतर आत हवा अडकते. एकदा मृण्मयीचा बाप तापानं फणफणला होता, बाईंना जागरण झालेलं, आणि काच सपाट पडली. फिल्म धुतली तर मक्याच्या चकतीत काळ्या कडेचा हा एवढा बुडबुडा!

"एक काम धड होत नाही तुला," मुकुंदराव म्हणाले होते. फोटो साधला की माझा, बिघडला की तुझ्यामुळं, हे त्यांचं नेहमीचंच. ऐकून ऐकून बाई इतक्या दमल्या, की भांडायचाही कंटाळा आला.

आज नेमका तोच फोटो नातीनं सगळ्यांत मोठा करून मधोमध टांगला होता. लोक त्याच्यासमोरून हलेनात.

"सर, शेतात चंद्र उतरलाय!" एक दाढीवाला चित्रकार म्हणाला. "हा गोल मुद्दाम ठेवलात का?"

फोटोशेजारी उभ्या मुकुंदरावांनी चष्मा पुसला. "हो... तसंच समजा."

कालिंदीबाईंना आधी हसू आलं, मग संताप. कौतुकाची हाव त्यांना कधीच नव्हती. पण बोलणी आपण खाल्ली, तर चूक तरी आपली राहू द्या की! खुर्चीचा हात धरून त्या उठल्या.

"तो बुडबुडा माझा आहे."



"म्हणजे?" चित्रकारानं विचारलं.

"काच माझ्या हातून पडली. इथले सगळे काप माझे. यांनी बटण दाबलं."

मुकुंदरावांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "खरं आहे. मी तेव्हा बोललोही होतो हिला."

"काय बोलला होतात, तेही सांगा," कालिंदीबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.