ओवाळणीत दोन खांदे

बकुळ टोकेकरच्या घरात तीन प्रेशर कुकर होते आणि जेवणारी माणसं दोन. त्यांतलं एक पेजेवर होतं.

तिन्ही कुकर भाऊबिजेचे. थोरला भाऊ दत्तात्रेय नागपुरात बँकेत होता, धाकटा शरद भोपाळला वीज मंडळात. दोघांनाही बहिणीची काळजी वाटे आणि काळजी वाटली की ते दुकानात जात. बनारसमध्ये राहून म्हाताऱ्या बापाचं सगळं करणाऱ्या बहिणीला काय द्यावं, या प्रश्नाला दोघांना वेगवेगळ्या शहरांत एकच उत्तर सापडत असे: ज्याने तिला बापाचं आणखी करता येईल ते. कुकर, मिक्सर, पाणी तापवायची कांडी, धुवायला सोपी साडी. एका वर्षी शरदने कमरेला बांधायचा पट्टा पाठवला. सोबत निरोप होता, 'अण्णांना उचलताना बांधत जा.'

अण्णांना यायच्या त्या भेटी वेगळ्या. नीलकंठ टोकेकर जन्मभर कँट स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. लोकांची ओझी योग्य गाडीत चढवणं हे त्यांचं काम. पण काशीत म्हातारा माणूस अंथरुणाला लागला की बाहेरगावच्या नातेवाइकांना तो आजारी वाटत नाही, निघालेला वाटतो. म्हणून तुळशीच्या माळा येत, पांढरी उपरणी येत, प्रवचनांच्या कॅसेटी येत. अण्णा माळा खिडकीच्या गजाला अडकवून ठेवत. माकडं त्या घेऊन जात.

"त्यांचं तरी कल्याण होवो," अण्णा म्हणत.

बकुळ मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं लग्न जमलं नाही, असं भाऊ सांगत. जमवलं नाही, असं ती सांगे. अण्णा घाटावर घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दोघे भाऊ धावत आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बैठक झाली. बकुळने नोकरी सोडायची असं ठरलं, तेव्हा ती चहा आणायला गेली होती. ती आली तेव्हा दत्तात्रेय एवढंच म्हणाला की चहात साखर कमी आहे.

त्यानंतर अण्णा घराबाहेर पडले नाहीत. घर शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. वारा फिरला की मणिकर्णिकेच्या चितांचा धूर खोलीत यायचा, घाटावरच्या मल्लाहांची, नावाड्यांची, भांडणं ऐकू यायची. गंगा मात्र दिसत नसे, कारण समोरच्याने मजला चढवला होता. हजारो कोस चालून लोक जिच्यासाठी येतात ती नदी अण्णांपासून एका हाकेवर होती आणि ती बघायला त्यांना सवड नाही असं नव्हतं.

१९८६ च्या दसऱ्यानंतर अण्णा म्हणाले, "बकुळ, या दिवाळीला मला नवं धोतर नको. मला एकदा घाटावर नेऊन बसव. पाणी कुठवर उतरलंय ते बघायचंय."

त्यांनी काही मागण्याची ही पहिलीच वेळ. बकुळने ते गणितासारखं मनावर घेतलं. चाकाची खुर्ची निरुपयोगी, कारण गल्लीत पायऱ्या आणि पायऱ्यांवर सांड. उरला एकच मार्ग, खांद्यावरून. आणि काशीच्या गल्लीतून माणूस खांद्यावरून जातो त्याचा अर्थ एकच होतो, हे इथल्या कुत्र्यांनाही माहीत आहे.

गल्ली संपते तिथे, मणिकर्णिकेकडे जाणाऱ्या फाट्यावर, बांबूचं दुकान आहे. बकुळ तिथे गेली.

"कब शांत हुए?" दुकानदाराने हलक्या आवाजात विचारलं.

"अभी नहीं हुए."

आगाऊ घेणारे त्याच्याकडे येत, पण इतकं सरळ सांगत नसत. त्याने दोन कोवळे बांबू काढले. बकुळने एक गुडघ्यावर वाकवून पाहिला आणि परत ठेवला.

"मोटा दिखाइए."

"बहनजी, सब इसी से जाते हैं."

"जाते होंगे. इनको लौटना भी है."

दुकानदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन मांडवासाठी ठेवलेले दोन पिकलेले बांबू घेऊन आला. "लौटने वाला माल हम रखते नहीं," तो म्हणाला, "पर देखिए, चल जाए तो."

अण्णा निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना वेताची एक खुर्ची दिली होती. आलेल्या भेटींपैकी अण्णांनी जपलेली तेवढीच. बकुळने खुर्चीच्या हातांखालून बांबू घालून ते काथ्याने आवळले, वर गव्हाचं पोतं बसवून पाहिलं. विष्णु मल्लाहला सांगून ठेवलं. तो आपले तीन सोबती घेऊन येणार होता.

पाडव्याच्या सकाळी दोघे भाऊ आले. 'अण्णांची ही कदाचित शेवटची दिवाळी' असं ठरवून आले होते. मागच्या वर्षीही असंच ठरवून आले होते. दत्तात्रेयने पिशवीतून एक तांब्याचा गडू काढला, तोंड डाख लावून बंद केलेला.

"गंगाजल," तो म्हणाला. "हिच्या माहेरी देवघरात होतं. कितीतरी वर्षांचं. शेवटच्या वेळी तोंडात घालायला. हिने मुद्दाम दिलंय अण्णांसाठी."

बकुळने गडू हातात घेऊन हलवून पाहिला. "दादा, हे कुठून आणलं होतं?"

"काशीहून."

शरद खिडकीबाहेर बघू लागला.

"प्रवासात पुण्य वाढलं असेल," अण्णा पलंगावरून म्हणाले. "ठेव तिकडे."

मग दत्तात्रेयचं लक्ष जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या खुर्चीकडे गेलं. "हे काय आहे?"

"अण्णांची दिवाळी."

"तिरडी दिसते."

"तिरडीला पाठ नसते. हात तर नसतातच."

"जिवंत माणसाला खांद्यावरून नेणार तू? गल्लीतून? दिवाळीत? लोक काय म्हणतील?"

"लोक नेहमी म्हणतात तेच म्हणतील. अण्णा उत्तर देतील."

"ताई, वाटेत काही झालं म्हणजे?" शरदने विचारलं.

"झालं तर जवळच आहे," अण्णा म्हणाले.

यावर कुणी हसलं नाही, म्हणून ते एकटे हसले. दत्तात्रेय संध्याकाळी खाली उतरला आणि त्याने विष्णुच्या सोबत्यांना गाठून बजावलं, म्हाताऱ्याचं बरंवाईट झालं तर जबाबदारी तुमची. तिघांनीही येत नाही म्हणून कळवलं. विष्णु एकटा उरला. दत्तात्रेय शांत झोपला.

भाऊबिजेला दुपारी बकुळने दोन पाट मांडले, भोवती रांगोळी घातली. भाऊ डोक्यावर रुमाल टाकून बसले. तिने त्यांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन पेटवून ताट हातात घेतलं. आणि खाली ठेवलं.

"ओवाळ ना, ताई," शरद म्हणाला.

"आधी ओवाळणी."

"ती नंतर असते."

"कुकर नंतर चालतो. यंदा आधी."

दत्तात्रेयने मांडीशेजारचं खोकं पुढे सरकवलं. आकारावरून तो चौथा होता.

"ते राहू दे, दादा. मला तुमचे खांदे हवेत. दोघांचे एक एक. उजवा, डावा, कुठलाही चालेल."

दत्तात्रेयचा चेहरा लाल झाला. "तुला सांगितलं ना मी—"

"तू सांगितलंस आणि माझी माणसं पळवलीस. म्हणून तुमच्याकडे मागतेय. अण्णा गेले की तुम्ही मिळेल त्या गाडीने येणार. पुढचा खांदा कुणाचा यावर भांडणारसुद्धा. आईच्या वेळी भांडला होतात. त्या दिवशी अण्णांना त्याचा काय उपयोग? ते बघणारही नाहीत कोण कुठल्या बाजूला आहे. आज बघतील."

"आणि नाही दिला तर?"

"तर बसा. तूप आहे तोवर निरांजन जळेल. मग ओवाळून न घेताच नागपूरला जा, आणि वहिनीला सांग का ते."

भाऊबिजेला न ओवाळलेल्या भावाचं पुढे काय होतं, हे कुणी तपासून पाहिलेलं नाही. पण दिवस यमाचा असतो आणि दत्तात्रेयला रक्तदाब होता. तो निरांजनाकडे बघत राहिला. तूप तसं फार नव्हतं.

"लवकर ठरवा रे," आतून अण्णांचा आवाज आला. "उन्हं उतरतायत."

शरदने रुमाल काढून खिशात घातला. "मी देतो, ताई."

दत्तात्रेयने खोकं पुन्हा मांडीशेजारी ओढलं. मग म्हणाला, "विष्णु धरून तीन झाले. चौथा कोण?"

"मी."

"बायका खांदा देत नाहीत."

"मेलेल्याला देत नाहीत. ह्यांना रोज देते, संडासापर्यंत." तिने ताट उचललं आणि दोघांना नीट, सावकाश ओवाळलं.

विष्णुने अण्णांना पाठीवर घेऊन जिन्यावरून उतरवलं. खाली खुर्चीत बसवून बकुळने त्यांना उपरण्याने बांधलं. पांढऱ्या उपरण्याचा हा एक उपयोग निघाला. अण्णांनी गडू मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. पुढे दत्तात्रेय आणि विष्णु, कारण ते उंच आणि वाट उताराची. मागे शरद आणि बकुळ.

गल्लीने आपलं काम चोख केलं. दूधवाला सायकल भिंतीला टेकवून उभा राहिला. दक्षिणेकडच्या यात्रेकरूंनी हात जोडले. चौकातल्या एका म्हाताऱ्याने सवयीने सुरू केलं, "राम नाम सत्य है," आणि वर पाहिल्यावर मध्येच सोडलं.

"सत्य आहेच," अण्णा वरून म्हणाले. "फक्त जरा हळू, मान हलते." मग हात जोडून उभ्या असलेल्या पानवाल्याकडे वळून, "भैया, एक लगा देना. चूना कम."

पानवाल्याचे जोडलेले हात सुटायला थोडा वेळ लागला. पान त्याने दोन बोटांनी वर दिलं, नैवेद्यासारखं.

दत्तात्रेय मान खाली घालून चालत होता. लोकांची तोंडं बघायला नकोत म्हणून तो पायांकडे बघत होता आणि पाय आपले चालले होते. गल्ली संपली, फाटा आला. डावीकडे शिंदे घाट, उजवीकडे मणिकर्णिका. या वाटेने असं ओझं घेऊन तो पूर्वी एकदाच आला होता, आईला घेऊन. त्याचे पाय उजवीकडे वळले. विष्णु डावीकडे निघाला होता. खुर्ची मध्येच फिरली, काथ्या करकरला.

"दत्तू," अण्णा म्हणाले. "डावीकडे. एवढी घाई करू नकोस."

दत्तात्रेय थांबला. बाहीने तोंड पुसलं आणि डावीकडे वळला. त्यानंतर त्याने मान वर ठेवली.

शिंदे घाटाच्या वरच्या चौथऱ्यावर खुर्ची टेकवली. पावसाळ्यातला गाळ खालच्या पायऱ्यांवर अजून होता. घाटाच्या पायथ्याचं, पूर्वीपासून कललेलं देऊळ चिखलात तसंच तिरकं उभं होतं.

"पडलं नाही अजून," अण्णा म्हणाले. त्यांनी पाणी कुठवर उतरलंय ते पाहिलं. पुरेसं पाहून झाल्यावर विष्णुला हाक मारली. "नाव आहे ना? आमच्या बकुळला पलीकडे ने. वाळूवर सोड. मी हाक मारली तर ऐकू येणार नाही इतकी आत जाऊ दे. मग तिची ती येईल."

"अण्णा, तुमची बाटली, औषध—"

"माझे दोन मुलगे आहेत म्हणतात. जा. ही माझी ओवाळणी. कुकरएवढी टिकणार नाही."

बकुळ चपला हातात घेऊन गाळातून नावेपर्यंत गेली.

पलीकडच्या वाळूवर तिची विटकरी साडी ठिपक्याएवढी दिसत होती. ठिपका चालत गेला आणि बसला. उठेना. नोकरी सुटल्यापासून तिला कुणी हाक न मारलेली ती पहिली संध्याकाळ.

इकडे अण्णांना लघवीची बाटली लागली. दत्तात्रेयच्या बँकेत त्याच्या परवानगीशिवाय तिजोरी उघडत नसे. बाटलीचं झाकण त्याला उघडता येईना. शरदने उपरण्याचा आडोसा धरला तो नेमका उलट बाजूने, पाठीकडे आडोसा आणि नदीकडे सगळं उघडं. "असू दे," अण्णा म्हणाले, "गंगेने माझं सगळं पाहिलंय."

बकुळ विष्णुच्या नावेतून परतली तेव्हा दिवे लागत होते. साडीला वाळू होती आणि ती झटकायची तिने घाई केली नाही. अण्णांनी गडू तिच्या हातात दिला. "उघड हे. किती वर्षं कोंडलंय बिचारं."

विष्णुने खिळ्याने डाख उचकटला.

"अण्णा, ते शेवटच्या वेळेसाठी—" दत्तात्रेय म्हणाला.

"तेव्हा तू असशील, आणि नदी इथेच असेल. दोघं बघून घ्या."

बकुळने खालच्या पायरीवर जाऊन गडू नदीत उलटा केला. नागपूरची गंगा काशीच्या गंगेत गेली. कुणाला काही फरक पडलेला दिसला नाही. गडू तिने आतून विसळून आणला. तो दाढीच्या पाण्याला ठेवायचं ठरलं.

चढावर उंच माणसं मागे गेली. फाट्यावर बांबूवाला दिवा लावत होता. त्याने आधी बांबू ओळखले, मग खुर्ची पाहिली, मग अण्णांना. आणि गादीवरून उठून उभा राहिला.

"लौट आए?"

"आ गए," अण्णा म्हणाले. "माल अच्छा है तुम्हारा. देवदीपावली को फिर यही चलेगा."

मागून दत्तात्रेयचा आवाज आला, धापा टाकत. "अण्णा, देवदीपावली पौर्णिमेला. तेव्हा आम्ही इथे नसू."

"माहीत आहे, दादा," बकुळ वळून न बघता म्हणाली. "तिकिटांचं उद्या बघू. आता खांदा बदल, पायऱ्या आल्या."