हाय

"माझं गाव कागलजवळ हाय," मी म्हणाले. कोल्हापुरातल्या कॉलेजचा पहिला दिवस. वर्गात उभं राहून ओळख करून द्यायची होती. सरांनी हात वर केला, हलवला आणि म्हणाले, "हाय! हॅलो!" सगळा वर्ग हात हलवायला लागला. मी उभीच. खाली बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

त्या दिवसापासून माझं नावच 'हाय' पडलं. जिन्यात हाय, कँटीनमध्ये हाय. मी तोंड उघडणंच बंद केलं. पुढे नोकरी लागली, तिथंही तेच. मीटिंगमध्ये माझ्या कामाबद्दल दुसराच कुणी बोलायचा. मी पाण्याचा ग्लास घट्ट धरून बसायचे. लोक म्हणायचे, लाजरी आहे. लाजरी कसली? दमलेली होते मी.

शेवटी मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ज्याची भीती वाटते तेच करायचं. अनोळखी लोकांसमोर बोलायचं. त्याआधी ही गोळी घ्यायची."

"गोळीनं भ्या जाईल न्हवं?"

"नाही. भीती वाटणारच. बोलताना मन जे शिकेल, ते पक्कं व्हायला गोळीची मदत होईल. पण मध्येच पळालात, तर पळणंही पक्कं होऊ शकतं."

ही कसली गोळी, असं वाटलं. तरी घेतली.

मग बाईंनी मला त्या शिकवतात त्या कॉलेजातल्या वर्गात उभं केलं. समोर डॉक्टरकी शिकणारी पोरं बसलेली. इस्त्रीचे पांढरे कोट. मी सुरुवात केली. "मी एका हापिसात कामाला हाय..."

पहिल्या रांगेतल्या पोरानं हात वर केला. "हाय!" दोघं-तिघं फिसकन हसले.

डॉक्टरीणबाई त्याला बोलायला उठल्या. मी हातानंच त्यांना थांबवलं. दार जवळच होतं आणि गोळी पोटात होती. आता बाहेर पडले असते, तर जन्मभर बाहेरच राहिले असते. फार शीण आला होता. या एका शब्दाचा शीण.

"हात खाली घे की रं," मी म्हणाले. "तुला हाय म्हटलं न्हाय मी. माझ्या आईच्या बोलीत हाय म्हंजे आहे. मी हाय. कळलं?"

आवाज कापत होता. कापू दे. उरलेलं सगळं त्याच आवाजात बोलले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

भीती गेलेली नाही. सोमवारी मीटिंग आहे. माझं काम मीच सांगणार, माझ्याच बोलीत. कुणाला हात हलवायचे असतील त्यांनी हलवावेत.

मी खाली बसणार न्हाय.